हाताखाली झाकलेलं अक्षर

सापगाव, बुधवार संध्याकाळ

आज ईश्वरीला चापट मारली. हलकीच होती, पण मारलीच.

पायाच्या ऑपरेशनपासून ती शाळेत जात नाही, मीच घरी शिकवते. अक्षराला वळण लागावं म्हणून सरावाचे दोन संच बघितले होते. एकात कित्त्याचं अक्षर ओळीच्या वर होतं, दुसऱ्यात डाव्या कडेला. दुसरा रंगीत, दिसायला छान, म्हणून तोच घेतला. पोरगी डावखुरी आहे हे तेव्हा मनातही आलं नाही. मी आई ना तिची?

ती सारखा 'ळ' चुकवायची. "बघून लिही," असं मी किती वेळा ओरडले असेन. ती मान वाकडी करायची, मला वाटायचं चाळे करते. आज चापट मारल्यावर तिच्या शेजारी वाकून बसले, तेव्हा कुठे दिसलं. लिहिताना कित्त्याचं अक्षर तिच्याच हाताखाली झाकलं जात होतं.

"हात बाजूला करून बघायचं ना गो," मी म्हटलं.

"तूच बोललीस ना, लिवताना हात हलवायचा नाय."

मी उजव्या कडेला 'ळ' काढून दिला. तो बघून तिने ओळभर लिहिला, अगदी नीट. ओळीच्या वर अक्षर असलेला तो पहिला संच लगेच मागवला. पण त्याने काय होतंय?

तिचे बाबा वाशिंदहून कामावरून आले, तेव्हा तिने ती ओळ हौसेने दाखवली. चापटीचं काहीच बोलली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त. मीही गप्प बसले.