घोडेवाटेवरचे आडवे दगड

रविवार, १४ डिसेंबर. मुरुड.

आज नवाबाच्या वेळच्या, जंगलातल्या घोडेवाटेचं उद्घाटन होतं. वाट नव्याने बांधणाऱ्या इंजिनीअर साहेबांनी फोटोसाठी माझी घोडी मागवली होती. वाट आता सिमेंटची, ताटासारखी गुळगुळीत. चढावर दर चार पावलांवर आडवे दगड होते, ते उपटून काढलेत. का, तर ओबडधोबड दिसायचे म्हणे. त्या दगडांना खूर अडकवून जनावर चढतं, हे अब्बांच्या टांग्यावर बसून मी सातव्या वर्षी शिकलो. यांना इंजिनीअर होऊनही कळलं नाही.

घोडीने सिमेंटवर पाय ठेवला, तो सटकला, आणि ती जी थांबली ती हललीच नाही.

साहेब म्हणाले, "हट्टी दिसतंय तुमचं जनावर."

मी म्हटलं, "हट्टी न्हाय साहेब, शहाणी हाय."

सगळे हसले. काय कळलं म्हणून हसले, देव जाणे.

आणि ते दगड? फाटकाजवळ फुलझाडांभोवती लावलेत, चुना फासून. वर पाटी: 'ऐतिहासिक घोडेवाटेचे अवशेष'. शेवटी फोटो तिथेच काढला. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं ना? लगाम धरून मीही दात दाखवत उभा राहिलो.

घोडीने निदान मान फिरवली.