गुडघ्यावरचं एरंडाचं पान

१२ फेब्रुवारी १९९४, शनिवार. बदनापूर.

सापडलं! दाढ ठणकून राह्यलीय, तरी आधी हे लिहिते.

प्रबंध घरगुती उपचारांवर, आणि गावोगाव ‘औषध काय घेता?’ विचारलं की एकच उत्तर: ‘औषध? काहीच घेत न्हाई.’ सर तर म्हणालेच होते, विषय बदल. आज केदारखेड्याच्या मावशींनीही तेच सांगितलं. आणि गुडघ्याला तेल लावून शेकलेलं एरंडाचं पान बांधलेलं!

म्हटलं, “मावशी, मंग हे काय?”

“हे व्हय? हे पान हाय. औषध दवाखान्यात भेटतंय.”

म्हणजे चूक माझ्या प्रश्नात! मंग विचारलं, गुडघा दुखला की काय करता? मावशी थांबेचनात. निर्गुडीचा शेक, ओवा, बिब्बा... शेजारणीही येऊन बसल्या. माझी बस चुकता चुकता राहिली. ते पान काही डोळ्यांपुढून हलत न्हाई. आता सगळ्या गावांत परत जायचं, नव्यानं विचारायचं. विषय बिलकुल बदलणार न्हाई.

आत्ताच बाबांनी बाहेरून विचारलं, “दाढेला काही घेतलंस का गं?”

“न्हाई, काहीच न्हाई,” मी म्हटलं, आणि दाढेखालची लवंग जिभेनं सरकवली.