रेषेचा स्टॅबिलायझर

१२ डिसेंबर

मेला! आमचा डेस्कटॉप मेला शेवटी. सकाळी बटण दाबलं — आतून फट्‌ आवाज, जळका वास, खेळ खलास. सत्यभामा स्वयंपाकघरातून ओरडली, "आता काय जाळलं?" जसा मी रोजच काहीतरी जाळतो!

हे तिच्या फोनवर टाइप करून राहिलो. एका बोटानं. हात थरथरायला लागला तेव्हापासून कागद सोडला, रोजनिशीसुद्धा कॉम्प्युटरवर नेली. आता तोही गेला. फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढण्यात जन्म घालवला, आणि म्हातारपणी बायकोच्या फोनवर "ळ" शोधत बसलो आहे. सापडला एकदाचा.

१३ डिसेंबर

सिविल लाइंसला छातीच्या डॉक्टरकडे. दम्याची जुनी गोळी बंद, आता पंप ओढायचा. डॉक्टर बोलत होते तेव्हा मी फोनवर नवे डेस्कटॉप पाहून राहिलो होतो. ऑटोत सत्यभामा सांगायला लागली, "अहो, डॉक्टर म्हणाले, त्या गोळीनं—" मी म्हटलं, बंद झाली ना गोळी? मग तिचं पुराण काहून?

आमचं महाराजपुर येईपर्यंत बोलली नाही. चलो, तेवढीच शांती.

१६ डिसेंबर

योगेश भैयाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोन तास बसलो. चहा पाजला त्यानं. सगळं पाहिलं, सगळ्याला नावं ठेवून आलो.

एक डेस्कटॉप असा की डबाच नाही! सगळं पडद्याच्या पाठीत भरलेलं. दिसायला झकास. पण एक बिघडलं की सगळंच उचलून न्या. दुसरा अगदी टिफिनएवढा. "अंकल, बड़े वाले से तेज़ है।" असेल बावा! मला कॉम्प्युटर कसा, टेबलाखाली पाय लागेल असा पाहिजे. कीबोर्डाखाली लाल-हिरवे दिवे लागतात आता. टाइप करायचं की आरती करायची? माऊसला शेपूट नाही. सत्यभामा चष्मा हरवते तसा मी तो माऊस रोज हरवणार.

मग त्यानं टॅबलेट काढला. मी आधीच सांगितलं, हे पोट्ट्यांचं खेळणं आहे. तर त्यानं सोबतचं पेन हातात दिलं. पांढरं, खऱ्या पेन्सिलीच्या वजनाचं. "इससे ड्रॉइंग बनाइए न! इसमें स्टेबिलाइज़र भी है। हाथ हिले तो भी लाइन सीधी आएगी। सेटिंग में मिल जाएगा।"

फ्रिजचा स्टॅबिलायझर माहीत होता. रेषेचा पहिल्यांदा ऐकला.

त्याला माझा हात दिसला असेल का? खिशात घातला होता मी.

१७ डिसेंबर

सुखदाला भोपाळला फोन केला. "बाबा, घेऊन टाका! कंजूसी मत करो।" आमची पोरगी मराठीत सुरू होते आणि हिंदीत संपते.

घेतला. पेन आणि कीबोर्डवाल्या कव्हरसकट.

१८ डिसेंबर

कव्हरचा कीबोर्ड म्हणजे पापड. बोट दाबलं की आवाज नाही, खोली नाही, दाबलं की नाही तेच कळत नाही. पण फोनपेक्षा बरा. पडदा मात्र मस्त. अक्षर वाट्टेल तेवढं मोठं होतं. काचेवर खरबरीत फिल्म लावून घेतली ते चांगलं केलं, नाहीतर पेन घसरतं म्हणे. पेन्सिलसुद्धा चार्ज करायची — हे एक नवीन! शार्पनर गेला, चार्जर आला.

पेन अजून धरलं नाही.

२० डिसेंबर

सत्यभामानं आज पुन्हा कंबर धरली. ओटा ठेंगणा आहे, वाकून वाकून पोळ्या लाटते. रिटायर झालो त्या दिवशी तिला शब्द दिला होता — नवा ओटा, आणि नकाशा मी काढणार. मिस्त्री म्हणाला होता, "बाबूजी, नक्शे की क्या ज़रूरत?" मी त्याला हाकलला. माझ्या घरात बिनानकाशाचं काम? आणि मग हातच गेला. मागच्या दिवाळीत कागदावर रेघ ओढून पाहिली — रेघ कसली, शेवई! कागद चुरगाळून टाकला. त्यानंतर पेन्सिल हातात घेतली नाही.

दुसऱ्याला काढू देत नाही, स्वतः काढत नाही. आणि ती बिचारी वाकून राहिली. एकदाही बोलली नाही. मलाच लाज वाटते.

२२ डिसेंबर

आली! रेघ आली!!

सत्यभामा भाजी आणायला गेली तेव्हा दार लावून घेतलं. पेन धरलं. एक आडवी ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळ. सुतासारखी सरळ! दुसरी ओढली. उभी. मग चौकोन. मग खाली बारीक अक्षरात माप लिहिलं — अक्षर तेच माझं, ऑफिसातलं!

वा रे स्टॅबिलायझर! ज्यानं बनवला त्याच्या तोंडात साखर पडो. दोन वर्षांत कोण्या औषधानं केलं नाही ते ह्या काचेनं केलं. टॅबलेटला खेळणं म्हटलं होतं, शब्द मागे घेतो. पापडासकट माफ.

२५ डिसेंबर

टेप घेऊन स्वयंपाकघर मोजलं. सत्यभामाला भिंतीला उभं करून कोपरापर्यंत उंची घेतली. "माझ्या मापाची दाराची चौकट बनवून राहिले का?" म्हणाली. लाजली होती.

दिवसभर काढून राहिलो. जेवायला दोनदा बोलावलं, ऐकूच आलं नाही. मग ताट टेबलावरच आणून ठेवलं, मला ऐकू येईल असं काहीतरी पुटपुटत.

२९ डिसेंबर

पेनाची एक खोड. टोक झिजतं. योगेशनं डबीत जादा टोकं दिली होती, एक बदललं. बाकी तक्रार नाही. चूक पुसली की पुसली! ब्लेडनं शाई खरवडायचो आम्ही, साहेब कागद उजेडात धरून पाहायचा.

सत्यभामा चहाची बशी उचलताना म्हणाली, "आजकाल बशी कोरडी असते हो." मी म्हटलं, तू कप कमी भरतेस. ती म्हणाली, काठोकाठ भरते. अच्छा, भरत असेल. माझं लक्ष सिंकच्या मापाकडे होतं.

३ जानेवारी

नकाशा पूर्ण. वरून, समोरून, बाजूनं. योगेशकडून मोठ्या कागदावर छापून आणला. सत्यभामानं हात पुसून धरला, किती वेळ पाहून राहिली. मग बोट ठेवलं उजव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर. "आणि हे रिकामं काहून?"

तिथे नाव असतं. कोणी काढला, कोणी तपासला. आमच्या ऑफिसचा नियमच होता — ज्याचा हात, त्याचं नाव. दुसऱ्याच्या कामावर सही करणाऱ्याला आम्ही पाणी विचारत नव्हतो. ही रेघ स्टॅबिलायझरची आहे. माझा हात कुठे?

"मग काय त्या डबड्याचं नाव लिहायचं?"

मी म्हटलं, कोणाचंच नको. रिकामं राहू दे.

"अहो, तुमचा हात थांबला आहे! मी रोज पाहते ना. डॉक्टर तर म्हणालेच होते—"

मी म्हटलं, तुला नकाशातलं कळत नाही. जोरात म्हटलं. ती कागदाची गुंडाळी करून आत गेली. आज वरणाला फोडणी नव्हती. खाल्लं गुपचूप.

४ जानेवारी

माफी मागितली. "चलो, ठीक आहे," म्हणाली. फोडणी परत आली.

पण नाव नाही लिहिलं. ते नाही जमणार. खोटी सही करून मी त्या ओट्यापुढे रोज जेवायला कसा बसू?

९ जानेवारी

मिस्त्री आला. नकाशा पाहून म्हणाला, "किस इंजीनियर से बनवाया, बाबूजी? नाम नहीं है।" मी म्हटलं, मशीन से. सत्यभामानं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू!

संक्रांत झाली की काम सुरू.

१४ जानेवारी

सुखदा आली. तिळगूळ, गप्पा, नुसता धिंगाणा घरात. तिला टॅबलेट दाखवला. तासभर भाषण दिलं — फिल्म, टोकं, पापड, आणि सगळ्यात वर स्टॅबिलायझर. ती हसून राहिली. "बाबा, तुम तो सेल्समैन बन गए!"

म्हटलं, हस. हे नसतं तर तुझ्या आईचा ओटा नसता. पंचेचाळीस वर्षं यंत्रांना शिव्या दिल्या, शेवटी यंत्रानंच लाज राखली. सुखी आहे मी. नाव नाही तर नाही, ओटा तर होईल.

सुखदा म्हणाली, "दाखवा तरी, स्टॅबिलायझर कितीवर ठेवला आहे." मला काय माहीत कितीवर! आहे तिथे आहे. तेवढ्यात सत्यभामानं पुरणपोळ्या वाढल्या, राहून गेलं.

१५ जानेवारी

हे कागदावर लिहून राहिलो. शाईच्या पेननं. कपाटातली जुनी वही काढली.

सकाळी सुखदानं सेटिंग उघडलं. स्टॅबिलायझर शून्यावर. "बाबा, हे तर तुम्ही कधी चालूच केलं नाही."

मी सत्यभामाकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्या जुन्या गोळीनं हात थरथरतो काही लोकांचा. डॉक्टर तेच सांगत होते. तुम्ही ऐकाल तर ना!" आणि रडायलाच लागली भैताड. मीपण.

मग नकाशा मागितला. चौकोनात नाव टाकलं. ग. ना. मोहरील.