साडेसातशे शब्दांचा सारांश

५ जानेवारी २००४, हिंगोली
संकल्प! हैदराबादच्या इस्लामी अभ्यासाच्या जर्नलला लेख पाठवणार. कॉलेजात सीनियर स्केलच्या बढतीसाठी एक लेख कमी पडतोय, मार्चअखेर हवा. विषय : जवळा बाजारकडच्या एका दर्ग्याची निजामी सनद. कागद सासऱ्यांच्या पेटीत सापडला. आधी साडेसातशे शब्दांचा एक्स्टेंडेड अॅबस्ट्रॅक्ट मागितलाय : उद्देश, पद्धत, निष्कर्ष. दोन दिवसांचं काम.

१९ जानेवारी
उद्देश झाला. अकरा शब्द.

२ फेब्रुवारी
वैष्णवी म्हणाली, लेखच न्हाई तर सारांश कशाचा करून राहिलात? बायकोला रिसर्च कळत नाही. लग्नातही मांडव आधी, नवरदेव मागून.

९ फेब्रुवारी
सनद वाचावी, असा विचार आला. उर्दू येत नाही. बारा वर्षं निजामी इतिहासाचा पेपर शिकवतोय, पण इंग्रजी गाईडवरून. मोहोर मात्र ठळक आहे. निष्कर्ष लिहून टाकला : 'निजाम सरकारची उदारता.'

१६ फेब्रुवारी
तांड्यावरचे बाबूसिंग निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांच्याकडे गेलो, तर चष्मा दुरुस्तीला. म्हणाले, चष्मा आला की बराबर वाचून देतो, घाई काहून? विद्वानाला थांबून चालत नाही. कागद तिथेच ठेवला. आभारात लिहिलं : 'उर्दूचे जुने जाणकार बाबूसिंग, किरकोळ साहाय्य.' सारांश आणि झेरॉक्स रजिस्टर पोस्टाने रवाना.

१७ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

८ मार्च
बाबूसिंगांनी चष्मा लावला आणि आधी कागद सुलटा केला. म्हणाले, सर, ही सनद न्हाई, अर्ज हाय, मोहोर कचेरीच्या पोचेची. दर्ग्याच्या उरुसात दोन बैल हरवले, ते शोधून द्या. अर्जदार, माझ्या सासऱ्यांचे आजोबा! पुढे तासभर सांगत होते : चुकलेली जनावरं मुजावर दर्ग्यात बांधायचा, मालक येईस्तोवर वैरण घालायचा, मालक कुणीही असो. मी काहीच टिपून घेतलं नाही. माझं डोकं दुखत होतं.

२२ मार्च
संपादकांचं पत्र. सारांश नापास. झेरॉक्स त्यांनीही सुलटी करून वाचली. विचारलंय, बैलांच्या अर्जावर तुमच्या आभारातले बाबूसिंग लिहितील का? उर्दूत चालेल. इंग्रजी सारांश कुणीतरी करून द्यावा.

३० मार्च
सीनियर स्केल यंदा गेलं. बाबूसिंगांनी आपला लेख मला वाचून दाखवला. इंग्रजी सारांश मी एका बैठकीत केला, बरोबर साडेसातशे शब्द. लेख आधी असला की सोपं जातं, हे मान्य करायला लाज वाटली. आभारात माझं नाव आहे म्हणे. काय लिहिलंय, विचारलं. म्हणाले, शिका अन् तुमीच वाचा. उद्या सकाळी सातला पहिलं अक्षर, अलिफ.

उर्दूच ती. दोन दिवसांचं काम.