कंदील विझला नाही

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही शिरूरच्या शाळेत शिकवलेल्या पोरांचे आता दात पडले असतील. मी मात्र आहे. लिहायला मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही. तुम्ही एकदा पाटी आणून दिली होती आणि मी तिच्यावर मिरच्या निवडल्या होत्या, तेव्हा त्याबद्दल पुन्हा बोलायला नको. नात लिहून घेते आहे. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, म्हणते मास्तरांना शुद्ध लिहिलेलं हवं. म्हटलं, लिही बाई, गुण द्यायला ते आता यायचे नाहीत.

ही नात इथून, दौंडवरून, कुरकुंभला औषधाच्या कंपनीत शिफ्टला जाते. परवा तिच्या शर्टाला एक पिवळी डबी अडकवलेली दिसली. म्हटलं, हे काय, ताईत का? तर म्हणाली, "आज्जी, एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. तो आला की ही डबी ओरडते. माणसाला कळत नाही, डबीला कळतं." आणि मग पुस्तकातलं नाव सांगायला लागली. मी म्हटलं, नाव राहू दे, हरभरा आणि एकच वाटाणा, तोच ना? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आता हे सांगतानाही दोनदा उठून दार लावून आले, ते लावलेलंच होतं. नात म्हणते, सांगायचं तर बसून सांग. बसून सांगण्यासारखं असतं तर तुमच्या तोंडावरच नसतं का सांगितलं?

शाळेच्या बोर्डिंगात मी पोरांना रांधायची, ते स्वयंपाकघर तुम्हाला आठवत असेल. दोन चुली, एक खिडकी, आणि खिडकीतून तुमचा हात आत. "बाई, मूठभर भिजवलेले हरभरे द्या. वाटाणेही. आणि मटकी." मी विचारायची, "पोरांना खायला का शिकवायला?" तुम्ही म्हणायचा, "आधी शिकवायला, मग खायला." खराट्याच्या काड्या मोडून न्यायचा, मला रोज खराटा आखूड पडायचा. कर्बाला हरभरा, प्राणवायूला वाटाणा, हायड्रोजनला मटकी. हरभऱ्याला चार काड्या, वाटाण्याला दोन, मटकीला एकच, आणि तीही टोचताना फुटायची, मग वर्गातला हसण्याचा आवाज माझ्या चुलीपर्यंत यायचा. तास संपला की तुम्ही सगळं ताटात परत आणायचा. पाणी, कोळशाचा वायू, काय काय असायचं त्यात. मी काड्या उपसायची, धुऊन फोडणीला टाकायची. बोर्डिंगच्या पोरांनी किती विज्ञान खाल्लं ते त्यांनाही ठाऊक नाही.

मी भाकरी थापायची आणि तुम्ही दाराशी पाटावर बसून तेच धडे मला सांगायचा, उद्याच्या तासाची तयारी म्हणून. एकटं असतं ते मूलद्रव्य. दोघं-तिघं हातात हात घालून तिसरंच काही होतात ते संयुग, आणि मग त्यात पहिल्याचा स्वभाव शोधू नये. अणूच्या आत एक गाभा, भोवती फेऱ्या. आतल्या फेरीतले घरात बसलेले, बाहेरच्या फेरीतल्यांनाच सोयरिकीची घाई. आणि काही वायू असे की त्यांची फेरी भरलेली, ते कुणाशीच जोडले जात नाहीत. मी म्हटलं, "म्हंजी तुमच्यासारखे." तुमची अम्मी तुमच्यासाठी मुली बघून थकली होती हे अख्ख्या शिरूरला माहीत होतं. तुम्ही इतके हसलात की पाट सरकला. मी विधवा बाई, पदरात दोन वर्षांची पोर, वय पंचविशीही नाही, आणि सासरच्या घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा कुणाला हसवलं होतं.

आणि त्याच दिवशी मी विचारलं. आधीपासून विचारायचं होतं, धीर होत नव्हता. भाकरी तव्यावर टाकली, तुमच्याकडे पाठ केली आणि म्हटलं, "मास्तर, विहिरीत कंदील सोडला आणि तो विझला न्हाई, तर हवा चांगलीच असती ना?"

तुम्ही म्हणालात, "कुणाच्या विहिरीत?"

मग सगळं सांगावं लागलं. कवठे येमाईला आमच्या विहिरीत आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, तेलावरचं इंजिन बसवलं होतं. गावात तेव्हा ते नवंच. पाणी खोल, म्हणून इंजिनही आत, खालच्या टप्प्यावर. त्या सकाळी तेल संपून ते बंद पडलं. हे, माझे मालक, न्याहारी करून तेल घेऊन खाली उतरले. धूर दिसत नव्हता, सगळं निवळलेलं. बराच वेळ झाला तरी इंजिनाचा आवाज येईना म्हणून लोकांनी वाकून बघितलं, तर हे कपारीला टेकून बसलेले, घटकाभर दमल्यासारखे. गावची रीत म्हणून आधी कंदील सोडला. कंदील खाली जळत राहिला, वर आला तोही जळतच. मग दिरानं कमरेला दोर बांधून यांना काढलं. दिराचं डोकं पुढं दोन दिवस ठणकत होतं. हे गेलेलेच होते. अंगावर एक ओरखडा नाही.

कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली. हवा चांगली म्हणजे माणूस आसरांनी नेला. पाण्यातल्या त्या साती बहिणींना विटाळ चालत नाही. आणि विटाळ कुणाचा? माझा. त्या सकाळी विहिरीवरून पहिली घागर मी आणली होती. माझं न्हाणं झालं होतं, मास्तर, विटाळाचे दिवस भरले होते. सासूबाई म्हणाल्या, न्हाई भरले. एकदा म्हणाल्या, दहादा म्हणाल्या, दारात येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं. (लिही गं, थांबलीस का? मास्तर मेलेत, त्यांना लाज वाटायची नाही, आणि मला वाटायचं वय गेलं.) दुसऱ्यानं दहादा सांगितलं की आपलाही हिशेब डळमळतो. मी बोटांवर दिवस मोजायची, पुन्हा मोजायची, कधी बरोबर यायचे, कधी एक कमी. नवऱ्याला खाल्लेली म्हणून मला पोरीसकट बाहेर काढलं, ते मी सोसलं असतं. पण चुलीपुढं बसून मी स्वतःलाच विचारत होते की मी खरंच मारलं का त्यांना. ते सोसत नव्हतं.

तुम्ही ऐकून घेता. भाकरी करपते, तुम्हीच ती खाली काढता, चिमट्यानं, वेडीवाकडी. मग विचारता, "बाई, त्यांचा चेहरा लालसर होता का? नुकतं ऊन पाण्यानं तोंड धुतल्यासारखा?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बाया म्हणाल्या होत्या की आसरांनी त्याला नवरदेव केला, गालांना कुंकू लावलं. तुम्ही ताटातला हरभरा उचललात, त्याला दोन वाटाणे जोडलेत. "भरपूर हवेत तेल जळलं की हा होतो. हा कंदील विझवतो. तुमच्या गावाला ओळखीचा आहे तो हा." मग त्यातला एक वाटाणा काढून खाऊन टाकलात. "आणि कोंडलेल्या जागी, हवा अपुरी पडली की हा. एकच वाटाणा. काड्यांचा माझा हिशेब इथं नीट बसत नाही, बाई, पोरांनी विचारलं तर मी अडखळतो. पण वायू आहे, हे खरं. वास नाही, रंग नाही. कंदील याच्यात खुशाल जळतो. रक्तात लोखंड असतं, त्याला हा धरतो आणि लवकर सोडत नाही. रक्त लाल दिसतं आणि माणूस झोपतो."

"लोखंड? तव्यातलं?"

"तेच मूलद्रव्य. तुमच्यात आहे, माझ्यातही आहे."

"आन् घागर?"

"घागरीचा काही संबंध नाही. तुमचा काही संबंध नाही."

हे वाक्य मी किती दिवस तोंडात घोळवलं असेल. पाणी भरताना, पीठ मळताना. तुमचा काही संबंध नाही. इतकं गोड मी तोवर काही खाल्लं नव्हतं.

आणि मग तुम्हालाच हौस आली. "मी सांगतो तुमच्या सासऱ्यांना. पोरीला तिचं घर मिळायला पाहिजे." मी नको म्हटलं का? नाही. नवं लुगडं नेसले. एसटीत तुम्ही पुढं, मी मागं पोरीला घेऊन. तुमच्या खिशात हरभरे-वाटाणे, रुमालात बांधलेले, सदरा ओला झालेला. म्हटलं हा माणूस कोर्टात निघाला आहे आणि पुरावा म्हणून उसळ नेतो आहे.

ओसरीवर आबा. तुम्हाला घोंगडं टाकलं. सासूबाईंनी चहा दिला तो वळचणीत वेगळ्या ठेवलेल्या कपात, तुमच्या जातीचा कप म्हणून, आणि तुम्ही पिऊन तो स्वतः विसळून ठेवलात, जसं काही ते तुमच्या अम्मीचंच घर. मी आत, दाराआड. पोर दारातून डोकावत होती आणि आबा तिच्याकडे बघत नव्हते, म्हणजे किती बघायचं होतं ते कळत होतं.

तुम्ही बोलत गेलात. चांगलं बोललात. हरभरा दाखवलात, एक वाटाणा काढलात. आबा मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी इंजिनानं मारलं म्हना की."

"इंजिनानं नाही, आबा. वायूनं."

"वायू कुनाचा? इंजिनाचाच न्हवं?" आबा घोंगडीचा दोरा उपसत होते. "त्यो म्हनत व्हता, आबा, इंजिन वरच्या टप्प्याव ठिऊ, खाली जीव घुसमटतो. मी म्हनलं, वरनं पानी वडायचं न्हाई. माझंच खरं केलं त्यानं. कवा शबूद मोडला न्हाई माझा." दोरा तुटला. "मास्तर, तुमचं पक्कं हाय का?"

सासूबाई चुलीशी थांबल्या. तुमच्या तळहातावर तो हरभरा होता, एका वाटाण्याचा. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, म्हाताऱ्याच्या बोटांकडे बघितलंत, आणि म्हणालात, "नाही, आबा. पक्कं नाही. कंदील जळत होता ना. मग पक्कं कसं म्हणू?"

आणि हरभरा तोंडात टाकलात.

मास्तर, तो मी भिजवलेला हरभरा होता.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून हात आला तेव्हा मी त्यात काही ठेवलं नाही. म्हटलं, "काल दुसरा वाटाणा कुठनं आला, मास्तर? एकाच वाटाण्याच्या वायूत कंदील जळतो, हे मला तर चांगलं समजावलं होतं."

तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्ही ओझं घेऊन उभ्या होता. तो माणूस बसल्या जागी पडत होता."

"उभं हाय त्याच्याच डोक्याव द्यायचं, हा नेम कोन्त्या पुस्तकात हाय?"

तुम्ही रिकामा हात खिडकीतून मागे घेतलात. पुढं बदली होऊन इथं दौंडला आलात आणि इथंच गेलात. माझी पोर बोर्डिंगात वाढली, रेल्वेतल्या माणसाला दिली, म्हणून मीही इथं. तुमचं कब्रस्तान माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. गेले नाही. रागानं गेले नाही, असं इतके दिवस म्हणत होते.

एक तुम्हाला कळलं नसेल, मलाही गावाकडून उडतउडत कळलं. तुम्ही येऊन गेल्यावर महिना झाला नसेल, आबांनी इंजिन वर काढलं. कुणाला काही सांगितलं नाही. दिरानं विचारलं तर म्हणाले, आसरांना आवाज सोसत न्हाई. पाणी कमी ओढायचं, ओढू दे म्हणाले. पुढं गावातल्या आणखी काहींनी आबांचं बघून तसंच केलं, आसरांच्या भीतीनं. म्हणजे तुमचा वायू त्यांना कळला होता, मास्तर. पक्का कळला होता. तरी मला बोलावणं आलं नाही. सासूबाई मरेपर्यंत माझ्या नावानं बोटं मोडत होत्या आणि आबा शेजारी बसून ऐकत होते. तुम्ही त्यांना वाचवलंत, त्यांनी गाव वाचवलं, आणि घागर राहिली माझ्या डोक्यावर. आता ही नात म्हणते, आज्जी, आता तरी सगळ्यांना सांगू या. कुणाला सांगते? घागर बघितलेलं एक माणूस उरलं नाही.

ती विचारते आहे, पत्ता काय घालू. म्हटलं, घालू नको, घडी कर आणि तुझ्या पुस्तकात ठेव. हे पत्र जायचं नाही कुठं. आणि जायचं नाही तर शेवटचं एक सांगून टाकते. आबांनी "पक्कं हाय का" विचारलं आणि तुम्ही गप्प होता, तेवढ्यात मी दाराआडून निघाले होते. माझा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता, मास्तर, तुमची पाठ होती म्हणून तुम्हाला दिसलं नाही. तुमचं खरं आहे हे ओरडून सांगायला निघाले होते, की आबांच्या तोंडाकडे बघून तुम्ही हो म्हणायच्या आत तुम्हालाच गप्प करायला, ते मला अजून ठरवता येत नाही.