तोंड न बघता मोजलेले कृमी

आबा,

आज प्रयोगशाळेत एका काचेच्या बशीत चार जातींच्या जिवाणूंचा एकेक थेंब ठेवला आणि मधोमध मातीतले सूत्रकृमी सोडले. केसाहून बारीक जीव, नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. तासाभराने बघते तर निम्म्याहून जास्त एकाच थेंबावर. दुसऱ्याला तोंड लावून परतलेले, तिसऱ्याकडे कुणी फिरकलंच नाही. एवढ्याशा जिवाची खाण्याची केवढी नाटकं! तुम्ही म्हणाला असता, "व्हय, तुझ्यावाणीच की. तुला बी दोडका चालत न्हाई." हसू यायला हवं होतं. हल्ली हसूही येत नाही, रडूही नाही.

मागे एकदा तुम्ही पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच तळेगावला माझ्याकडे आला होता. जेवणाच्या डब्याचा वरचा कप्पा उघडलात, तर आत निघोज्याच्या आपल्या वावरातली माती. "कांदा पिवळा पडतोय. बघ जरा, काय हाय तिच्यात." दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा हजर. सूक्ष्मदर्शकाखाली कृमी वळवळतायत, मी मोजतेय. मुळं शोषणाऱ्याच्या तोंडात सुई असते, जिवाणू खाणाऱ्याचं तोंड म्हणजे नुसती उघडी नळी. तोंडं बघायची असतात. पण नोकरी नवी, बाप शेजारी उभा, मला हुशारी दाखवायची घाई. म्हणाले, "आबा, रान किडलंय. ठेवण्यात अर्थ नाही." तुम्ही डबा विसळून पिशवीत टाकलात. "तू म्हनतीस तर तसंच आसंल." गोदामासाठी जमीन मागणारे कधीचे मागे लागले होतेच. महिन्याभरात तुम्ही सही केलीत.

तुमच्या मातीतले कृमी मी एका काचपट्टीवर जपून ठेवले होते. पुढे कधीतरी ते नीट बघितले. एकाच्याही तोंडात सुई नव्हती. सगळे जिवाणू खाणारे, जित्या मातीत असतात तसले. त्यांच्या खाण्यातून पिकाला उलट खतच मिळतं. कांदा बहुतेक साचलेल्या पाण्याने पिवळा पडला होता.

हे तुम्ही गेल्यावर कळलं, असं मी भावाला सांगितलंय. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. तुम्ही होता तेव्हाच कळलं होतं. सांगायचं म्हणून मी घरी आलेही होते. तुम्ही ओट्यावर बसून गोदामाच्या पत्र्यांकडे बघत होता. मला बघून म्हणालात, "इकलं ते बरंच झालं, न्हाई का गं?"

मी हो म्हणाले.