चौथ्या ओळीची दुरुस्ती

६ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. फोनवर मी ओरडते आणि तुम्ही नुसतं हो हो म्हणता, त्यापेक्षा पत्र बरं. तीस वर्षं छपाईच्या मशीनशेजारी उभं राहून तुमचे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत.

शाळेत रुळतेय. प्रयोगशाळेला कायम कुलूप असतं, म्हणून परवा खिळे आणि चुंबक घेऊन वर्गातच प्रयोग केला. मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून बघत होत्या. नंतर म्हणाल्या, नवीन आहात, दमाल. मी दमायचं नाही असं ठरवलंय. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. शिकलेलं कुणाच्या उपयोगी पडलं नाही तर ते शिकून काय केलं?

आता तुमची शंका. रक्त वाढावं म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यापासून शौचाचा रंग काळा झालाय आणि आई घाबरलीय, असं तुम्ही लिहिता. घाबरायचं कारण नाही. लोह पोटात गंधकाशी मिळून काळं संयुग तयार होतं. साधं रसायनशास्त्र आहे.

तुमच्याबरोबर डायलिसिसला येणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना कळतील अशा सूचना लिहून पाठव म्हणालात, त्या अशा. पाणी मोजून प्यावं. मीठ कमी खावं. डायलिसिसची पाळी चुकवू नये. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते, काळजी करू नये. ज्या हाताला सुया टोचतात तो हात झोपेत अंगाखाली घेऊ नये. बरोबर पाच ओळी झाल्या.

आईला नमस्कार. रागावायचं असलं तर पत्रातच रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
प्रूफ

२० जानेवारी

चि. प्रूफताईस अनेक उ. आ.

तुझ्या पाच ओळी वाचल्या आणि माझे हात शिवशिवायला लागले. निमंत्रणपत्रिकांचा जाड पिवळा कागद उरला होता. संध्याकाळी अक्षरांचे खिळे जुळवले आणि शंभर कार्डं काढली. खाली बारीक टाइपात ‘विज्ञान पदवीधर शिक्षिकेच्या सल्ल्यावरून’ असंही टाकलंय. तुझी आई म्हणाली, मुलीची जाहिरात करता का. मी म्हटलं, करतो. सात वर्षांची असताना जिनं माझ्या पत्रकातली चूक काढून मला मालकांपुढे वाचवलं आणि ‘प्रूफ’ हे नाव कमावलं, तिची नाही करायची तर कुणाची?

डायलिसिसच्या सिस्टरना एक कार्ड दिलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर सोमवारी येतील, त्यांना दाखवल्याशिवाय वाटू नका. पण शाई वाळली होती आणि मंडळी बाकावर बसलीच होती. वाटून टाकली. आता प्रत्येकाच्या खिशात पिवळं कार्ड आहे. आठवड्यातून दोनदा ते मशीन मला चालवतं, उरलेले दिवस मी माझं मशीन चालवतो, असं मी तिथे म्हणतो तेव्हा सगळे हसतात. सिस्टर हसत नाहीत, पण सुई हळू टोचतात.

गुडघ्याचं विचारशीलच. आपला बाइंडर कंबरेसाठी गोळ्या घेतो, त्यातल्या त्यानं मला दिल्या. पंधरा दिवस झाले, गुडघा एकदम गप्प.

तुझं रसायनशास्त्र खरं ठरलं बरं का. आधी रंग धुतलेल्या पाटीसारखा होता, मळकट. गेले चार दिवस मात्र अगदी आपल्या ताज्या शाईसारखा: चकाकतो, चिकटतो, दोन बादल्या ओतल्या तरी हटत नाही. वासही वेगळाच. इतका सुंदर काळा मला मशीनवर कधी जमला नाही. तुझ्या आईनं पुन्हा तोंड वाकडं केलं, तेव्हा तिला कार्डाची चौथी ओळ वाचून दाखवली. ती गप्प बसली.

छापखान्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागते, पण वय झालं. तुझ्या वर्गातल्या मुलींना आशीर्वाद. तू तिथे आणि आम्ही इथे, माया मधल्या रस्त्यावर सांडू देऊ नकोस.

तुझे,
बाबा

२४ जानेवारी

चि. बाळ हिला आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितेय. चुका काढू नकोस. आजवर मी सांगायचे, हे लिहायचे, आणि माझ्या सांगण्यातलं निम्मं गाळायचे.

आधी हे वाच, की हे बरे आहेत. आता उठून बसलेत आणि खाटेच्या चाकाला तेल नाही म्हणून वॉर्डबॉयला बोलतायत.

काल सकाळी तुझा फोन छापखान्यात आला तो बाइंडरनं घेतला. त्यानं सरळ मशीन बंद केलं. हे त्याच्यावर ओरडले, की दवाखान्याचे केसपेपर छापायचेत, अर्धा गठ्ठा राहिलाय. बाइंडर म्हणाला, गठ्ठ्यासकट चला. कागदाच्या टेम्पोत बसवून नेलं. पायरीवर यांना भोवळ आली तेव्हा त्यानंच सावरलं.

रक्त तपासलं तर निम्म्याहून कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, पोटातून रक्त जातंय, आठवडाभर तरी. तेच आतून काळं होऊन पडत होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं. मग घशातून नळी घालून आत बघितलं. जठरात त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी झालेली जखम होती, तिथेच बारीक चिमटा लावून बंद केली. दुपारी डायलिसिस केलं, पण रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात ते घातलं नाही. आज सकाळी पुन्हा तपासलं. रक्त जायचं थांबलंय. डॉक्टरांनी ते दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

एक गंमत सांगते. यांचं नाव ज्या केसपेपरवर लिहिलं तो यांनीच छापलेला. शुद्धीवर येऊन पहिलं वाक्य काय बोलले, तर वरचा समास तिरका गेलाय.

बाइंडर बाहेर बाकावर बसून आहे. गोळ्या त्याच्या होत्या म्हणून आत यायला लाजतो. मी त्याला सांगितलं, तूच दिल्यास आणि तूच उचलून आणलंस, आता आत ये.

टेम्पो तुझ्याकडच्या रस्त्याला निघालाय, त्याच्या ड्रायव्हरकडे हे देते. परवा येशील तेव्हा घाईत धावत बसमध्ये चढू नकोस. माझी माया तुला ठाऊक आहे, ती मला लिहायला जमत नाही.

आई

१ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

चार दिवस तुमच्या खाटेशी बसले, पण जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही. तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले असते तर ते सगळ्या वॉर्डाला कळलं असतं. म्हणून लिहितेय.

चूक माझी आहे. मला लोह माहीत होतं, रुग्ण माहीत नव्हता. माझ्या एका ओळीनं तुम्ही गप्प राहिलात आणि आईलाही गप्प केलंत, आणि तिला तर दिसत होतं. तुमचं शाईचं वाक्य वाचलं तेव्हाही मला सगळं कळलं असं नाही. एवढंच कळलं, की चार दिवसांत रंग बदलला आणि पायऱ्या चढताना धाप लागतेय. मधल्या सुट्टीत पत्र घेऊन शाळेसमोरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, हे गृहस्थ काय करतात. मी म्हटलं, छापखान्यात असतात. ते म्हणाले, इतकं नेमकं वर्णन मला कुणी केलं नव्हतं, आत्ता फोन करा. बाबा, तुम्हाला तुमच्या नजरेनं वाचवलं, माझ्या पदवीनं नाही.

ती कार्डं परत घ्या. सगळी. आणि नवी छापाल तेव्हा खाली लिहा, की आधीची चूक अमुक शिक्षिकेची होती. नाव घाला. जिथे सल्ल्याखाली मोठेपणा छापला होता तिथेच चूक छापली पाहिजे.

आता रोज सकाळी उठते तेव्हा पहिल्यांदा आठवतं की रक्त थांबलंय, मग बाकीचं आठवतं. एवढं सुख पुरेसं आहे. रागावला असाल तर लिहा, मायेत मात्र काटछाट करू नका.

तुमची,
प्रूफ

११ फेब्रुवारी

चि. प्रूफताईस अनेक उ. आ.

रागावण्याइतकं रक्त आता अंगात आहे, पण तुझ्यावर खर्च करणार नाही.

कार्डं परत आली. सिस्टरनी बाकावरच्या प्रत्येकाला उभं करून खिसे तपासले, शाळेत तपासतात तसे. जी मिळाली नाहीत त्यांच्या मालकांना तोंडी सांगितलं. गुरुवारच्या पाळीच्या शिंपीणबाई घाबरून त्याच दिवशी तपासून आल्या. त्यांचं नुसतं लोहच निघालं. आता मला बघितलं की म्हणतात, तुमच्यामुळे माझी सकाळ फुकट गेली. इतक्या आनंदानं शिव्या मी कधी खाल्ल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी माझी शाळा घेतली. म्हणाले, मूत्रपिंड बिघडलं की रक्त नीट गोठत नाही आणि जठराचं अस्तरही नाजूक होतं. जरा कारण मिळालं की वाहायला लागतं. मला दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला सांगितलंय. पायऱ्या काल न थांबता चढलो. तुझी आई खाली उभी राहून मोजत होती, जणू मी शंभर चढणार होतो.

आता नावाचं. शुद्धिपत्रावर लेखकाचं नाव कधीच घालत नाहीत. इतकी वर्षं लोकांच्या चुका आम्ही ‘मुद्रणदोष’ म्हणून स्वतःच्या अंगावर घेतल्या, तुझी घेतली तर काय झिजलो? सिस्टर थांबा म्हणाल्या होत्या आणि मी थांबलो नाही, तेव्हा दोष खरोखरच मुद्रकाचा आहे. तसंच टाकलंय.

या वेळी मात्र घाई नाही. प्रूफ सोबत आहे. डॉक्टरांची सही झाली, सिस्टरची झाली. तुझी आल्याशिवाय मशीन सुरू करणार नाही. तुझी आई टपालपेटीपर्यंत माझ्याबरोबर येतेय, म्हणून आटोपतो. आम्हा दोघांचं तुझ्यावर जसं मन आहे तसंच तुझं असू दे.

तुझे,
बाबा

१४ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

प्रूफ परत पाठवतेय. चौथी ओळ मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवली आणि कुठे अडखळता का ते विचारलं. ‘लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होते, पण ती चकाकणारी, चिकट, ओल्या शाईसारखी झाली, धाप लागली किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.’ कुणीच अडखळलं नाही.

मुद्रकाचा दोष राहू द्या. पण ‘शिक्षिकेच्या सल्ल्यावरून’च्या जागी ‘डॉक्टरांनी तपासलेले’ असं करा.

एक ओळ मात्र सुटलीय, आणि ती कुणी सोडली ते मला ठाऊक आहे. बाइंडरकाकांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही ती गाळलीत. त्यांना हे पत्र दाखवा आणि ती ओळ त्यांच्याच हातानं जुळवून घ्या. सहावी ओळ अशी: ‘अंगदुखीची कोणतीही गोळी, मित्रानं प्रेमानं दिली तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.’

गुडघा दुखत असेल तर स्टूल घेऊन बसा. मशीन रुसणार नाही.

बाकी मजकूर बरोबर आहे. छापायला हरकत नाही.

तुमची,
प्रूफ